म्हैस दारात, डेरा माजघरात

फ्रिज आणि माठ एकाच नियमावर चालतात. द्रवाची वाफ होताना तो शेजारची उष्णता ओढून घेतो. फ्रिजच्या कॉइलमध्ये गॅस उकळतो आणि आतल्या डब्यातली उष्णता उचलतो. माठाच्या अंगावर झिरपलेलं पाणी उडतं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पुढं मात्र दोघांची वाट वेगळी होते. फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून पुन्हा द्रव करतो, आणि तोच गॅस वर्षानुवर्षं नळ्यांतून फिरत राहतो. माठातलं पाणी उडालं की गेलं. ते परत आणायचं वर्षाचं काम आषाढातल्या ढगांचं आणि रोजचं काम घरातल्या बाईचं.

कोल्हापुरात शाहूपुरीत फ्रिज दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गॅस भरणं, रिले बदलणं, दाराचं रबर बसवणं, थर्मोस्टॅट तपासणं, हाच माझा दिवस. गिऱ्हाइकाचा फ्रिज बंद पडला की त्या घरात जो गोंधळ उडतो तो मी शेकडो वेळा पाहिलाय. दूध उतू जावं तशी माणसं घाबरी होतात. तेव्हा मला नेहमी वाटायचं की याच गावात, याच उन्हाळ्यात आमच्या आज्जीच्या घरात हे यंत्र नव्हतं, आणि तरी माझ्या आठवणीत त्या घरात अन्न फेकून दिल्याचा एकही दिवस नाही. ते कसं जमत होतं, हे मी धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं तपासत आलोय.

आधी आकडे बघू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. समजा आर्द्रता २५ टक्के आहे. अशा हवेत ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २२ अंशांच्या आसपास उतरतो. माठाची शेवटची पायरी तीच. त्याखाली तो जाऊ शकत नाही, पण तिथपर्यंत जवळपास पोचतो. १ लीटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेतं. ५० लीटर पाणी १० अंशांनी गार करायला यापेक्षा कमी उष्णता काढावी लागते. बाहेरच्या हवेतून उष्णता सारखी आत येत असते, म्हणून प्रत्यक्षात इतकं साधत नाही. तरीही तांब्याभर पाणी खर्ची घालून घरभर माणसांना गार पाणी मिळतं, आणि बिल शून्य.

आमचं घर जुन्या गावातलं, मातीच्या भेंड्यांच्या भिंतींचं. भिंत हातभर जाड. माजघराला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता, आणि जमीन शेणानं सारवलेली. दुपारी बाहेरून आत आलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गारवा जाणवायचा. त्या खोलीच्या ज्या कोपऱ्यात वाऱ्याची झुळूक यायची तिथं घडवंची. घडवंचीवर तांब्याच्या घागरी, आणि शेजारी वाळूच्या ओट्यावर डेरा. वाळू कायम ओली. आज्जी त्या वाळूत हळीव टाकायची, ते चार दिवसांत हिरवंगार उगवून यायचं. डेऱ्यात ओगराळं बुडवूनच पाणी काढायचं, हात घालायचा नाही, हा नियम पाहुण्यालाही लागू होता.

डेऱ्यापलीकडं दुभत्याचं कपाट. चारी बाजूंना बारीक तारेची जाळी, चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. खालच्या फळीवर एका परातीत पाणी घालून त्यात दुधाचं पातेलं बसवलेलं असायचं. वरून ओलं पंचाचं फडकं आणि त्याची चारी टोकं परातीत सोडलेली. कापड खालचं पाणी स्वतःच वर ओढून घेतं, उडवत राहतं, आणि पातेल्याचं अंग गार राहतं. पाणी संपलं की परात भरायची, एवढंच. मी पुढं आयटीआयमध्ये वात आणि बाष्पीभवन शिकलो तेव्हा फळ्यावरच्या आकृतीत मला ती परातच दिसत होती. मधल्या फळीवर विरजण, वरच्या फळीवर पाण्यात बुडवलेला लोण्याचा गोळा. लोण्यावरचं पाणी रोज बदलायचं. गोळा पुरेसा मोठा झाला की कढवून तूप. तूप झालं की त्याची काळजी मिटली.

भाजीची गोष्ट वेगळी. भाजी नासायच्या आधी सुकते, तिला थंडीइतकीच ओल लागते. कपिलतीर्थ मार्केटातून आणलेली मेथी, कोथिंबीर ओल्या गोणपाटात गुंडाळून न्हाणीघराच्या भिंतीला उभी ठेवायची. आलं ओल्या वाळूत पुरायचं, लिंबंही तशीच. विड्याची पानं ओल्या फडक्यात. कलिंगड आणलं तर बादलीत घालून विहिरीत सोडायचं. विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातही २५ अंशांच्या जवळपास राहतं, कारण खोल जमिनीला दुपार आणि पहाट यांतला फरक कळत नाही. संध्याकाळी बादली वर ओढताना आम्ही पोरं रहाटाभोवती गर्दी करायचो.

डेरा घडवणारा कुंभार हा या सगळ्यातला कसबी माणूस. घर बांधणाऱ्या विटेला छिद्र नको असतं, पाणी गार करणाऱ्या मडक्याला ते हवं असतं, आणि तेही नेमकं. फार असलं तर डेरा गळतो, कमी असलं तर पाणी गरम राहतं. म्हणून मातीत राख, बारीक वाळू आणि घोड्याची लीद मिसळायची. आव्यात भाजताना लिदीतलं गवताचं तूस जळून जातं आणि त्याच्या जागी सूक्ष्म वाटा उरतात. चाकावर फक्त गळा आणि ढाचा निघतो. मोठं पोट पुढं थापटण्यानं ठोकून वाढवायचं, आतून दगडाचा आधार धरून. ठोकून ठोकून भिंत पातळ होते. भिंत जितकी पातळ तितकं पाणी लवकर बाहेर येतं. हे सगळं तो मोजमापाविना, फक्त हाताच्या अंदाजानं करायचा, आणि बलुत्याच्या काळात त्याबदली सुगीत त्याला धान्य मिळायचं.

गंगावेशीतल्या आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्ल्या आजही आहेत. तिथं आणि बापट कॅम्पात आता वर्षाचे बरेच महिने गणपती घडतात. मूर्तीत पैसा आहे, माठात नाही. त्यात कुणाचा दोष नाही, पोराबाळांचं शिक्षण त्यावर झालंय. कोल्हापूरच्या बाजारात बाहेरगावचे माठ भरपूर दिसतात. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती आपल्या भागात नावाजलेली. तिथं खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा आहे. माठ विकणाऱ्या एका मावशींनी मला सांगितलेली परीक्षा मी पुढं सगळ्यांना सांगत आलोय. त्या म्हणाल्या, “नुसता वाजवून घिऊ नगासा. पाणी भरून बगा. तासाभरात अंग वलं झालं तर न्या.” हल्ली तैलरंगानं रंगवलेले, वेलबुट्टी काढलेले माठ मिळतात. त्यांचं अंग ओलं होतच नाही, कारण रंगानं सगळ्या वाटा बुजवलेल्या असतात. असा माठ विकत घेणं मला पटत नाही. साधा, न रंगवलेला घ्यावा, साबण न लावता काथ्यानं घासावा, आणि दोन उन्हाळे झाले की त्याला कुंडी करावी. आपलं पाणी जड असेल तर त्यातले क्षार छिद्रांत बसतात आणि माठ हळूहळू बंद होतो. तो जुना झाल्यावर पाणी गार करत नाही याचं कारण एवढंच आहे.

या वस्तूला आपल्या लोकांनी पुण्याच्या कामात बसवलं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. अक्षय तृतीयेला पाण्यानं भरलेला मातीचा कुंभ दान द्यायचा, वाळा घालून. म्हणजे ऐन वैशाखात कुंभाराच्या घरी चार पैसे जातात आणि ज्याच्याकडं नवा माठ घ्यायची ऐपत नाही त्याच्या घरी गार पाणी पोचतं. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर जोतिबाची यात्रा भरते. चांगभलंच्या गजरात सासनकाठ्या नाचवत लाखो माणसं उन्हात डोंगर चढतात. त्या वाटेवर रांजण भरून ठेवणं हे पिढ्यान्‌पिढ्या सेवेचं काम मानलं गेलं.

आता माठाची दुसरी बाजू, जी माठाचं कौतुक करणारे सांगत नाहीत. जून लागला की हे सगळं बंद पडतं. जुलैत कोल्हापूरची हवा २६-२७ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची. अशा हवेत पाणी उडायला जागाच नसते, माठ फार तर एखाद-दुसरा अंश उतरतो. ओलं फडकं ओलंच राहतं आणि त्याला वास मारतो. भाकरीला बुरशी येते, मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात. विजेशिवाय अन्न टिकवण्याची खरी कसोटी आषाढ-श्रावणात लागते, आणि तिथं गारवा कामाचा नाही. तिथं आमच्या बायकांनी दुसरी हत्यारं काढली होती.

पहिलं हत्यार ऊब. चुलीला वैल असतो, मुख्य जाळाची उरलेली धग तिथं जाते. दुधाचं पातेलं दिवसभर वैलावर, खाली राखेत झाकलेले निखारे. ६० अंशांच्या वर ठेवलेल्या दुधात नासवणारे जंतू वाढू शकत नाहीत. माझ्या धंद्यात आम्ही ४ अंशांची गोष्ट करतो, आज्जीनं तेच काम दुसऱ्या टोकाकडून केलं. मटणाचा रस्साही असाच, रात्री उकळून, झाकून, सकाळी पुन्हा उकळून.

दुसरं हत्यार आंबवणं. दूध नासणार असेल तर ते आपण ठरवलेल्या रस्त्यानंच गेलं पाहिजे. विरजण लावलं की दह्याचे जंतू जागा अडवून बसतात आणि आंबटपणामुळं दुसऱ्यांना फिरकू देत नाहीत. ताक, कढी, आणि या सगळ्यांत मला सर्वांत थोर वाटते ती आंबील. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ ताकात भिजवून मातीच्या गाडग्यात आंबवायचं आणि शिजवायचं. रानात काम करणाऱ्याला दुपारी हे मिळालं की पोटही भरतं आणि उन्हाचा तापही उतरतो. आमच्या गावानं तर आंबिलीची यात्राच केली. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करून भाविक परतले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. घराघरातून आंबील, भाकरी, वरणा-वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य जातो. ज्या पदार्थात आंबणं हीच चव आहे त्याला शिळेपणाची भीती कमी. तो देवीपुढं मानानं ठेवला जातो हे मला फार बरं वाटतं.

तिसरं हत्यार म्हणजे शिल्लकच ठेवायची नाही. गावाकडं बकरं पडलं की त्याचे वाटे घालायचे. पळसाच्या पानांवर सारखे ढीग मांडायचे, प्रत्येक ढिगात थोडं कलेजी, थोडी चाप, थोडं हाड, आणि भावकीतल्या, गल्लीतल्या घरांनी आपापला वाटा न्यायचा. एका घराला अख्खं बकरं एका दिवसात संपत नाही. दहा-पंधरा घरांना ते संध्याकाळपर्यंत संपतं. पुढच्या खेपेला दुसऱ्याचं बकरं पडतं आणि आपल्याला वाटा मिळतो. म्हणजे आपलं मटण आपण शेजाऱ्यांच्या पोटात साठवून ठेवलं आणि महिन्यानं परत घेतलं. कोल्हापुरी माणूस मटण सकाळी आणतो आणि त्याच दिवशी खातो, तांबडा-पांढरा त्याच दिवशी भुरकतो, ही सवय या व्यवस्थेतून आलेली आहे असं मी मानतो.

आणि जे ठेवायचंच ते कोरडं करून. वैशाखात डंकावर चटणी कुटायला रांगा लागायच्या. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, मसाले, सगळं उन्हात कडक करून किंवा तेलात तळून कुटायचं, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचं, वर हिंगाचा खडा. ती बरणी पावसाळ्याचे चार महिने घर चालवायची. धान्याच्या बाबतीत हाच विचार दगडात बघायचा असेल तर पन्हाळ्यावर जावं. तिथल्या अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या दुपारच्या उन्हात आत जाऊन बघाव्यात. गंगा कोठी सर्वांत मोठी, २५ हजार खंडी धान्य मावेल इतकी असं सांगतात. जाड दगडी भिंती, वर कमानींचं छत, उजेडाला फक्त मोजकी जागा. १६६० साली सिद्दी जौहरानं गडाला महिनोन्‌महिने वेढा घातला. अशा वेळी गड किती दिवस लढतो हे कोठीतलं धान्य किती दिवस टिकतं यावर ठरायचं.

बर्फ आमच्याकडं फार उशिरा आला. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तिथल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजानं कलकत्त्याला पाठवला. १८० टन निघाला आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, त्यातला सुमारे १०० टन शाबूत पोचला. मुंबईतही पुढं बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी खास बर्फघर बांधलं गेलं. कोल्हापूरला रेल्वेच १८९१ मध्ये आली, तोवर घाट उतरून-चढून बर्फ आणणं म्हणजे पाणी आणणं. पुढं कारखान्यातल्या बर्फाच्या लाद्या मिळू लागल्या. लाकडाच्या भुशात पुरलेली, पोत्यात गुंडाळलेली लादी सायकलच्या कॅरिअरवर घालून नेणारा माणूस आमच्या पिढीला आठवतो. ट्यूडरच्या जहाजातही भुसाच होता. भुशात अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही, आणि फ्रिजच्या भिंतीतला फोमही हेच करतो. बर्फात जाडं मीठ मिसळलं की तापमान शून्याच्या खाली वीसेक अंश उतरू शकतं. लाकडी बादलीतल्या पॉट आइस्क्रीमचा सगळा जीव त्यात होता. लग्नाघरी आम्ही पोरं ते हँडल आळीपाळीनं फिरवायचो. शेवटी ते इतकं जड व्हायचं की मोठ्यांना बोलवावं लागायचं.

पण अन्न ताजं ठेवण्याची कोल्हापूरची खरी करामत दुधात आहे, आणि ती बघायला अजून गंगावेशीत जाता येतं. संध्याकाळी तिथल्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येतात. म्हैस रस्त्याकडेला उभी राहते, कास धुतली जाते, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना धार काढली जाते. पेला फेसानं भरतो. कुणी तिथंच उभ्यानं पितो, कुणी किटलीत घेऊन घरी जातो. मिरजकर तिकटीलाही असा कट्टा भरत आलाय. धारोष्ण दुधाची ही आवड तालमींनी वाढवली. गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम, इथल्या पैलवानांचा खुराकच दूध, तूप, बदामाची थंडाई. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि गावात पैलवान वाढले तसं दुधाचं गिऱ्हाईक वाढलं.

यातली युक्ती जनावराच्या जातीत आहे. कट्ट्यावर येणारी म्हैस बहुतेक पंढरपुरी. अंगानं मध्यम, तोंड लांबट, शिंगं खांद्यांच्याही मागं गेलेली. ही म्हैस पान्हा सोडायला आढेवेढे घेत नाही. दुसऱ्या जनावराला ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि पुढ्यात रेडकू लागतं. पंढरपुरी म्हैस भर रस्त्यात, गाड्यांच्या आवाजात, दिवसातून कैक वेळा थोडी थोडी पिळून देते. एका गिऱ्हाइकाला अर्धा लीटर, दुसऱ्याला लीटर, उरलेलं पुढच्या चौकात. म्हणजे दूध कासेत राहतं. जोवर गिऱ्हाईक येत नाही तोवर ते काढलंच जात नाही. नासण्याचं घड्याळ धार काढल्यावर सुरू होतं, आणि ताज्या दुधात जंतूंना काही तास रोखून धरणारे घटक निसर्गतःच असतात. तेवढ्या वेळात ते घरी पोचून चुलीवर तापलेलं असायचं. उष्ण प्रदेशात दूध शिळं होण्याच्या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मी आजवर कुठल्या कंपनीच्या माहितीपत्रकात वाचलेलं नाही. डॉक्टर कच्चं दूध पिऊ नका म्हणतात, ते बरोबर आहे, आणि मी घरी आणून उकळूनच पितो. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मालकाच्या मोटरसायकलमागं त्या सुसाट पळतात. गावानं त्यांचा मान ठेवलाय.

याच जिल्ह्यानं पुढं दुधाचा अगदी उलटा रस्ताही घडवला. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, आपला गोकुळ, सुरू झाला. कट्टा म्हशीला माणसाकडं नेतो. संघानं गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ गोळा केलं, ४ अंशांपर्यंत उतरवलं, आणि टँकरनं मुंबईला नेलं. गावच्या डेअऱ्यांत मोठे कूलर बसले तेव्हा त्यांच्या दुरुस्तीसाठी मी राधानगरी, भुदरगडच्या वाड्या-वस्त्या हिंडलोय. डोंगरातल्या एका म्हशीच्या बाईला महिन्याला हातात रोख पैसा मिळू लागला तो या थंडाव्यामुळं. म्हणून वीज वाईट आणि माठ चांगला असली भाषा मला करता येत नाही. थंडीनं आमचा जिल्हा उभा केलाय, आणि त्या थंडीवर माझंही घर चाललंय.

देशात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजनं १९५८ मध्ये काढला. कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरांत तो ऐंशीच्या दशकात सर्रास दिसू लागला, बहुतेक १६५ लीटरचा, एका दाराचा, आणि स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून बाहेरच्या खोलीत, वर फुलदाणी ठेवलेला. सुरुवातीला त्यात पाण्याच्या बाटल्या आणि दूध. मग मळलेली कणीक आली. मग वाटण. सुक्या खोबऱ्याचं, कांद्या-लसणाचं वाटण रोज पाट्यावर वाटणाऱ्या बाईला आठवड्याचं वाटण एकदम करून ठेवता येऊ लागलं, तिच्या खांद्याला किती विसावा मिळाला असेल याचा हिशोब कुणी केलेला नाही. त्याचबरोबर वाटे बंद झाले. उरलेलं मटण शेजारी जायचं ते फ्रीझरमध्ये जाऊ लागलं. शेजारणीचं आपल्याकडं येणंही आपोआप थांबलं. दुरुस्तीला गेल्यावर फ्रीझरच्या तळाशी बर्फात चिकटून बसलेल्या, कधीच्या कुणास ठाऊक अशा पिशव्या मी काढून दिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटलंय.

दोन हजारच्या दशकात भारनियमन आलं. गावाकडं दिवसातले कित्येक तास वीज नसायची, आणि फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालं. तेव्हा माळ्यावरचे डेरे खाली उतरले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४३ आहे. वीज गेली, रस्ते बुडाले, गोकुळचे टँकर अडकले. आणि महिना श्रावणाचा, हवा पाण्यानं जड. त्या दिवसांत फ्रिज चालला नाही आणि माठही चालला नाही. चटणी, भाकरी, भडंग, उकळलेला चहा, आणि वरच्या मजल्यावरच्या घरांनी खालच्यांना दिलेलं जेवण यावर गल्ल्या तगल्या. पाणी ओसरल्यावर गाळानं भरलेले फ्रिज रस्त्यावर रांगेनं उभे होते. कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तो बऱ्याचदा वाचला. रिले, थर्मोस्टॅट आणि भिंतीतलं अस्तर मात्र गेलं. चालू करून दिल्यावरही त्यांना गाळाचा वास येत राहायचा, आणि तो काही केल्या जात नव्हता.

हल्ली तरुण शेतकरी मला शून्य ऊर्जा शीतकक्षाबद्दल विचारतात. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत ऐंशीच्या दशकात याचा नमुना तयार झाला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटीमीटरची फट, फटीत वाळू, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. वर गवताचं किंवा वाळ्याचं झाकण, आणि सगळ्यावर छप्पर, कारण थेट ऊन पडलं तर पाणी नुसतं वाया जातं. कोरड्या दिवसांत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी उतरतं आणि ओल ९० टक्क्यांच्या आसपास राहते. नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरं मडकं बसवून, मध्ये ओली वाळू घालून हेच केलं आणि ते जगभर नावाजलं गेलं. वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती हे कुंभार घराण्यातले, त्यांनी मातीचा फ्रिजच बनवून बाजारात आणला.

करवीर तालुक्यात माझ्या साडूच्या मळ्यात आम्ही असा एक कक्ष बांधला. जुन्या पडक्या घराच्या विटा होत्या, वाळू ओढ्याची. जागा आंब्याखालची धरली, जिथं दुपारी वारा फिरतो. वांगी, गवार, दोडका, मेथी त्यात घातली. मेथी उघड्यावर संध्याकाळपर्यंत माना टाकते, ती इथं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजारात नेण्याजोगी राहते. त्यामुळं व्यापाऱ्यानं भाव पाडला तर माल परत आणून एक दिवस थांबता येतं. जूनमध्ये पाऊस लागला की पाणी घालणं बंद करायचं, कारण तेव्हा तो कक्ष साध्या पेटीइतकाच उपयोगाचा. आता मेव्हणीला त्यात दह्याचं गाडगं ठेवायचंय. मी म्हटलं, दही ठेवा, चालेल, उशिरा आंबट होईल. दूध मात्र त्यात टिकायचं नाही, ते धार काढल्यावर लगेच तापवा, नाहीतर डेअरीत घाला.